मुलगी मिळत नाही: जुन्या जन्मनोंदी आणि आजचे गुन्हे

रानजाई

नमस्कार. मी 27 वर्षं आरोग्यसेविका म्हणून उपकेंद्रात काम केलं आणि मागच्या वर्षी निवृत्त झाले. गाव-तालुका मुद्दाम सांगत नाही, सातारा-सांगलीच्या सीमेवरचा दुष्काळी पट्टा एवढं पुरे. इथे बरेच दिवस नुसती वाचत होते. आज लिहिते आहे, कारण नोकरीच्या शेवटच्या वर्षातली एक गोष्ट डोक्यातून जात नाही.

दुपारी लसीकरण आटोपून मी रजिस्टर भरत बसले होते. एक सासू सुनेला घेऊन आली. "दिवस गेलेत का बघा." सून दाराशीच उभी. हातावरची मेंदी धुतली गेली होती, नखांवरची तेवढी उरली होती. आधार कार्डावर वय 19, पण ते खरं वाटेना. वजन केलं तर काटा 38 वर थांबला. सासूला पाणी आणायला बाहेर पाठवलं आणि हळूच विचारलं, "शाळा कधी सोडलीस गं?" म्हणाली, "नववीत." मग माझा हात धरून एवढंच म्हणाली, "मले घरी जायचंय."

आमच्याकडे 'मले' कुणी म्हणत नाही. पोरगी विदर्भातली होती. मध्यस्थाला पैसे मोजून लग्न करून आणलेली. नवरा तिशी ओलांडलेला, सरळ, कष्टाळू, निर्व्यसनी. त्याच्यासाठी सहा वर्षं मुलगी शोधत होते.

आता खरं सांगायचंय ते. त्या मुलाचा जन्म आमच्याच उपकेंद्राच्या हद्दीतला. तो जन्मला तेव्हा मी अजून रुजू व्हायची होते. पण त्याच्या पाठची जी पिढी जन्माला आली, तिची रजिस्टरं माझ्या हातची आहेत. 1998 नंतरची पानं उलटली की 'पु' 'पु' 'पु' आणि मग एखादं 'स्त्री'. पहिली मुलगी असलेली बाई चौथ्या महिन्यात 'माहेरी जाऊन येते' म्हणायची आणि रिकाम्या पोटी परत यायची. "पडलं, ताई." मी रकान्यात 'गर्भपात' लिहायचे. मला कळत होतं आणि मी लिहीत होते. तालुक्याला सोनोग्राफी नुकतीच आली होती.

2001 च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात 0 ते 6 वयात हजार मुलांमागे 851 मुली होत्या, कोल्हापुरात 839. राज्याचा आकडा 1991 ला 946, 2001 ला 913, 2011 ला 894. तेव्हाच्या प्रशिक्षणात आम्हाला सांगायचे, मुली कमी झाल्या की त्यांना भाव येईल, हुंडा बंद होईल. मुलींना भाव आलाही, पण तो घेतला मध्यस्थाने. पोरीच्या वाट्याला लवकर लग्न, लवकर बाळंतपण आणि परका मुलूख आला.

जन्माच्या आकड्यांत झालेला घोटाळा पंचवीस वर्षांनी पोलीस ठाण्यात आणि प्रसूतीच्या खाटेवर कसा पोचतो, यावर तुम्हा सगळ्यांकडून ऐकायचं आहे. त्या मुलीचं पुढे काय झालं ते नंतर लिहिते. एवढं लिहितानाच दम लागला.

अबोली

ताई, वाचून गलबलून आलं. सातारा जिल्ह्यात 2011 च्या ऑक्टोबरमध्ये 'नकुशा' (म्हणजे नकोशी) नावाच्या 285 मुलींचं नाव बदलण्याचा कार्यक्रम झाला होता. माझ्या मावसबहिणीच्या वर्गात एक नकुशा होती. हजेरी घेताना तिचं नाव आलं की ती 'हजर' म्हणायची नाही, नुसता हात वर करायची.

कोरडवाहू

वय 33. सहा एकर, त्यात दोन एकर डाळिंब. अविवाहित. या विषयावर लोक आमच्याबद्दल बोलतात, आमच्याशी कुणी बोलत नाही, म्हणून लिहितो.

आजपर्यंत 14 ठिकाणी बघायला गेलो. नकार एकाच कारणाने येतो: "पुण्यात नोकरी आहे का?" मुलीच्या बापाचं मला चुकीचं वाटत नाही. तो स्वतः शेतकरी असतो आणि पोरीने त्याच्या बायकोसारखे दिवस काढू नयेत असं त्याला वाटतं. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात बाशिंग बांधून, घोड्यावर बसून पोरांनी कलेक्टर ऑफिसवर मोर्चा नेला. टीव्हीवाल्यांनी ती गंमत म्हणून दाखवली. त्यात माझा मित्र होता. तो रात्री घरी आला, तोवर आईने तो मोबाइलवर बघितला होता. दोघंही जेवले नाहीत.

माझ्याकडेही मध्यस्थ आला होता. अडीच लाख, कपडे वेगळे, 'लग्न देवळात, मुलीकडचे चार जण येतील'. फोटो दाखवला. मी विचारलं, मुलीशी फोनवर बोलता येईल का? तर म्हणाला, "बोलून काय करणार, पसंत आहे ना?" तिथेच उठलो. माझ्या चुलतभावाने मात्र पैसे दिले. नवरी नवव्या दिवशी अंगावरच्या दागिन्यांसकट गेली. नंतर कळलं, तिची आधीही तशीच लग्नं लावली होती. भावाने तक्रार दिली नाही, गावात हसं होईल म्हणून.

माझं म्हणणं एवढंच की याचं मूळ निव्वळ मुलींच्या संख्येत नाही. शेतीत पैसा असता तर मुली इथेच राहिल्या असत्या.

आकडेवेडा

कोरडवाहू, तुमचं म्हणणं खरं आहे आणि रानजाईताईंचंही. दोन्ही एकमेकांवर चढतं. जरा हिशेब मांडतो.

निसर्गतः हजार मुलांमागे साधारण 950 मुली जन्माला येतात. 851 म्हणजे त्या खाली आणखी शंभर गेल्या. आता यात दुसरी गोष्ट मिसळा, जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. आपल्याकडे नवरा चार-पाच वर्षांनी मोठा असतो. म्हणजे 1995 च्या मुलाची जोडी 2000 च्या मुलीशी. पण त्या काळात महाराष्ट्रात जन्मच झपाट्याने कमी होत होते. 1992-93 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बाईमागे मुलांची सरासरी जवळपास 2.9 होती, 2019-21 च्या पाचव्या सर्वेक्षणात 1.7. दर वर्षी पाळणे कमी हलत असतील तर पाच वर्षांनी लहान असलेली पिढी आधीच आकाराने लहान असते. म्हणजे गर्भलिंगनिदान अजिबात झालं नसतं तरी थोडा तुटवडा आलाच असता. त्यावर शंभर मुली मारल्या. त्यावर शिकलेल्या मुली शहरात गेल्या. आणि यंदा ज्याचं जमलं नाही तो पुढच्या वर्षीच्या रांगेत उभा राहतो, म्हणजे रांग वाढतच जाते. तिच्या शेवटी कोण उभा? कोरडवाहू जमीनवाला, कमी शिकलेला, गावात राहून आईबाप सांभाळणारा.

गुन्ह्यांचं म्हणाल तर चीनच्या प्रांतांच्या 1988 ते 2004 च्या आकड्यांवर अर्थशास्त्रज्ञांनी केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. तरुण वयोगटात पुरुषांचं प्रमाण एक टक्क्याने वाढलं की हिंसक आणि मालमत्तेचे गुन्हे सुमारे तीन टक्क्यांनी वाढलेले दिसले. भारतात ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा यांनी 1981 चे जिल्हावार खुनाचे आकडे तपासले होते. गरिबी आणि शहरीकरण यांचा खुनांशी ठळक संबंध दिसला नाही. साक्षरता वाढली की खून कमी, आणि जिथे बायकांचं प्रमाण कमी तिथे खून जास्त. त्यांनी स्वतःच बजावलं आहे की यातलं कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे सरळ ठरवता येत नाही. जिथे हिंसा फार, तिथे लोकांना मुलगेच हवे असतात, असंही असू शकतं. त्यामुळे 'बिनलग्नाचा तरुण म्हणजे गुन्हेगार' असं कुणी यातून काढू नये. कोरडवाहूंनी सांगितलेल्या दोन्ही प्रसंगांत तरुण हा गिऱ्हाईक किंवा फसलेला आहे.

यमुनाकाठ

नोकरीनिमित्त अकरा वर्षं रोहतकला आहे. 2011 ला हरियाणात हजार मुलांमागे मुलींचा आकडा 834 होता. इथे बाहेरून आणलेल्या बायकोला 'मोलकी' म्हणतात, मोल देऊन आणलेली. मेवात भागात 'पारो'. आसाम, बंगाल, बिहार, ओडिशा, कुठूनही येतात. आमच्या गल्लीतली एक बंगाली बाई इथे येऊन वीस वर्षं झाली, तीन मुलं आहेत, म्हशी तीच सांभाळते, तरी तिचं नाव कुणाला माहीत नाही. सगळे मोलकीच म्हणतात. आपल्याकडे अजून असा शब्द रूढ झालेला नाही. तो व्हायच्या आत काही करता येईल का?

डॉ. करवंद

मी स्त्रीरोगतज्ज्ञ, तालुक्याच्या गावी 19 वर्षं प्रॅक्टिस. धोरणांबद्दल लिहितो, कारण त्यांचे चांगले-वाईट दोन्ही परिणाम माझ्या टेबलावर येतात.

गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 साली केला, हा आपला खरोखर अभिमानाचा भाग. केंद्राचा कायदा 1994 चा आणि 2003 पासून त्याचा सुधारलेला अवतार. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद. वर्षा देशपांडे यांच्या लेक लाडकी अभियानाने साताऱ्यातून गरोदर बायकांना बनावट गिऱ्हाईक म्हणून पाठवून किती डॉक्टर पकडून दिले. आमच्याच व्यवसायातले ते लोक. परळीत 2012 मध्ये गर्भपातादरम्यान एक बाई गेली, तेव्हा तो दवाखाना उघडा पडला. त्या डॉक्टर दांपत्याला 2019 मध्ये 10 वर्षांची शिक्षा झाली. मार्च 2017 मध्ये सांगलीजवळ म्हैसाळला पुन्हा एक बाई गेली आणि ओढ्याकाठी पुरलेले 19 भ्रूण निघाले. दोन्ही वेळा बाईचा जीव गेल्यावर यंत्रणा हलली.

पण त्याच काळात आणखी एक घडलं. 2011 च्या जनगणनेनंतर औषध प्रशासनाने गर्भपाताच्या गोळ्यांवर धाडी सुरू केल्या. या गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंतच घ्यायच्या असतात, आणि सोनोग्राफीवर लिंग कळायला तीन महिने तरी जावे लागतात. म्हणजे गोळ्यांचा आणि लिंगनिवडीचा काडीचा संबंध नाही. तरी नोंदी, बिलं, डॉक्टरची चिठ्ठी यांच्या ससेमिऱ्याला कंटाळून मेडिकलवाल्यांनी त्या ठेवणंच सोडलं. कायदेशीर, सुरक्षित गर्भपात हवा असलेली बाई मग जाते कुठे? माझ्याकडे रात्री दीड वाजता रक्तस्राव होत असलेली बाई आणली होती. दोन मुलगे, तिसरं नको होतं, गावातल्या कुणीतरी काडी घातलेली. चार पिशव्या रक्त लागलं. ती वाचली.

अजून एक. सप्टेंबर 2001 नंतर तिसरं मूल झालेल्याला ग्रामपंचायत-झेडपीची निवडणूक लढवता येत नाही. सरकारी नोकरीसाठी लहान कुटुंबाचा नियम 2005 पासून. हेतू लोकसंख्या आवरण्याचा. पण जिथे मुलगा हवाच, तिथे 'दोनच' म्हटल्यावर दुसऱ्या खेपेला सोनोग्राफीवाल्याकडे पाय वळतातच. एका हाताने कायदा मुलगी वाचवत होता आणि दुसऱ्या हाताने दोनाची अट घालून तिची जागा काढून घेत होता. हे मी तेव्हाही सभांत बोललो होतो.

बालाघाट

मी बीडचा. 2011 ला आमचा जिल्हा राज्यात तळाला, 807. सगळा महाराष्ट्र तेव्हा आम्हाला बोल लावत होता. पण इथे पोरीचं लग्न लवकर का लागतं ते ऊसतोडीच्या अड्ड्यावर येऊन बघा.

मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायको जोडी. एकट्या पोराला अर्धा कोयता. दिवाळीच्या आसपास आईबाप कारखान्याला निघतात ते पाच-सहा महिने येत नाहीत. वयात आलेली पोरगी मागे म्हाताऱ्या आजीपाशी ठेवायची, तर रात्री झोप लागत नाही. मग लग्न लावून टाकतात. तिकडे जोडीही होते. 2019-21 च्या सर्वेक्षणात 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 18 च्या आत लग्न झालेल्या राज्यात 21.9 टक्के, बीडमध्ये 43.7.

त्यापुढचं तुम्हाला माहीत असेल. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलं, की तपासलेल्या 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली. पाळीत काम बुडलं तर खाडा पडतो, त्याचा दंड कापून घेतात. फडात ना आडोसा ना पाणी. अंगावरून जातं म्हणून दवाखान्यात गेली की 'पिशवी खराब आहे, कॅन्सर होईल'. माझ्या सख्ख्या वहिनीची 28 व्या वर्षी काढली. पंधराव्या वर्षी लग्न, विशीत तीन लेकरं. आता 36 ची आहे, मोळी डोक्यावर घेताना कंबर धरते. पण उचल फिटलेली नाही म्हणून जाते.

डॉक्टरसाहेब, शाळेतल्या पोरींसाठी हंगामी वसतिगृहं नीट चालली, सहा महिने पोटभर जेवण आणि दाराला कडी मिळाली, तर यातली निम्मी लग्नं टळतील असं मला मनापासून वाटतं. आमच्या शेजारच्या वस्तीत एका वर्षी वसतिगृह वेळेवर सुरू झालं आणि चार पोरी थांबल्या. पुढच्या वर्षी ते डिसेंबरात सुरू झालं. तोवर त्यातल्या दोघी सासरी गेल्या होत्या.

आकडेवेडा

'बेटी बचाओ बेटी पढाओ' योजनेचंही सांगतो. संसदेच्या समितीने 2021 मध्ये दाखवून दिलं की 2016 ते 2019 मध्ये राज्यांना दिलेल्या सुमारे 447 कोटींपैकी जवळपास 79 टक्के जाहिरातींवर गेले. बालाघाट म्हणतात त्या कडीला किती पैसे लागतात?

कायदेकानू

मी वकील आहे, जिल्हा न्यायालयात. रानजाईताईंनी सांगितलेल्या प्रकरणात कोणकोणते कायदे लागतात ते सांगते.

बालविवाह प्रतिबंधक कायदा 2006. आपल्या राज्यात गावपातळीवर ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. लग्न ठरतंय असं कळलं तर 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करता येतो. पैसे देऊन, फसवून किंवा धाक दाखवून मुलगी आणली असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 143, मानवी तस्करी. नवरी पळाली, दागिने गेले, तर फसवणूक. कोरडवाहू, तुमच्या चुलतभावाने तक्रार द्यावी. त्यांनी दिली नाही म्हणून ती टोळी पुढच्या गावात गेली असेल.

आता अवघड भाग. 18 च्या आतली मुलगी गरोदर आढळली की पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली डॉक्टर, नर्स, सगळ्यांवर कळवण्याची सक्ती आहे. 2017 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर नवरा असला तरी सूट नाही. कायदा मुलीच्या बाजूचाच आहे. पण मी पाहते, नवऱ्याला अटक होईल या भीतीने घरचे तिला दवाखान्यातच नेत नाहीत. रक्त तपासलं जात नाही, लोहाच्या गोळ्या नाहीत, प्रसूती घरात. सप्टेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संमतीच्या संबंधातून गरोदर राहिलेल्या अल्पवयीन मुलीच्या गर्भपातासाठी वाट काढली: तिची आणि पालकांची विनंती असेल तर डॉक्टरने पोलिसांना तिचं नाव-पत्ता देण्याची गरज नाही. हे तालुक्याच्या कितीतरी डॉक्टरांना अजून माहीत नाही. ज्यांना मूल ठेवायचं आहे त्यांचं काय, याचं सरळ उत्तर माझ्यापाशीही नाही.

डॉ. करवंद

हो, आणि पंधरा-सोळाव्या वर्षीच्या बाळंतपणात कटिभाग पुरता वाढलेला नसतो, रक्त कमी असतं, झटके येण्याची भीती जास्त. बाळ कमी वजनाचं. ती भीतीने उशिरा आली की आमच्या हातात फारसं काही उरत नाही.

कोरडवाहू

कायदेकानू, भावाशी बोललो. तो तयार नव्हता. मी रानजाईताईंची पोस्ट त्याला वाचून दाखवली, ती 'मले घरी जायचंय' इथपर्यंत. तो म्हणाला, आपल्याकडे आलेलीही तशीच असेल का रे? तिलाही कुणी धाक घालून पाठवत असेल का? हे आम्हाला इतके दिवस सुचलंच नव्हतं. सोमवारी जातोय ठाण्यात, दोघंही.

रानजाई

सगळ्यांच्या पोस्ट दोनदा वाचल्या. कोरडवाहू, तुमच्या भावाला शाबासकी सांगा.

आता राहिलेलं. त्या दिवशी मी वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवलं. कळवावंच लागतं, आणि तिने माझा हात धरला होता. गुन्हा नोंद झाला. मुलाला अटक झाली, पुढे जामीन. मध्यस्थाचा फोन त्या दिवसापासून बंद. तो कुठल्या जिल्ह्यातला तेही घरच्यांना सांगता आलं नाही. लग्नाच्या फोटोत तो आहे, पण बरोबर मागे वळलेला. म्हणजे कायदा पोचला तो गिऱ्हाइकापर्यंत, माझ्यापर्यंत आणि पोरीपर्यंत. पैसे घेणाऱ्यापर्यंत नाही. सासू मला बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "ताई, तुम्ही माझी तिन्ही पोरं वाढताना बघितलीत आणि माझंच घर मोडलंत." मला उत्तर देता आलं नाही. तिची दोन पोटं माझ्याच रजिस्टरात 'गर्भपात' म्हणून आहेत. ते मी तिला बोलून दाखवलं नाही.

मुलगी बालकल्याण समितीपुढे गेली, संस्थेत राहिली. दिवस बरेच वर गेले होते. सातव्या महिन्यात तिचं हिमोग्लोबिन 7.2 होतं, सलाइनमधून लोह दिलं. जिल्ह्याला सिझेरियन झालं. मुलगी झाली, दोन किलो शंभर ग्रॅम. मी बघायला गेले तर बाळाला कुशीत घेऊन ती कॉटवर पाय हलवत बसली होती, शाळेच्या बाकावर बसतात तशी.

माहेरच्यांनी परत न्यायला नकार दिला. तिलाही आता तिथे जायचं नाही, बापाने पैसे घेतले हे तिला कळलंय. तिला दहावी करायचीय. 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येईल, मी चौकशी केली आहे. त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला हवा. मुख्याध्यापक फोनवर 'पालकांनाच देऊ' म्हणतात. फॉर्मची मुदत जवळ आली आहे.

वाशिम जिल्ह्यातलं इथे कुणी असेल तर कृपया व्यनि (खासगी निरोप) करा. शाळेचं नाव तिथेच देईन. समितीचं पत्र माझ्याकडे आहे.

कायदेकानू

समितीचं पत्र असेल तर दाखला अडवता येत नाही. मुख्याध्यापकांना द्यायचा अर्ज मी आज रात्री लिहून पाठवते.

सोयाबीन

मी वाशिमचा. आजवर इथे कधी लिहिलं नाही, म्हणून आयडी नवीन दिसेल. बायको झेडपी शाळेत शिक्षिका आहे. व्यनि केला आहे ताई, गुरुवारी आम्ही दोघं शाळेत जाऊ.